रिकामं माळरान

थंडीबाई हे नाव तिला प्रयोगशाळेतल्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात चिकटवलं, आणि ते काही उगीच नव्हतं. ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जो वायू पसरलेला असतो तो थंड कसा होतो, हा तिच्या अभ्यासाचा विषय. आणि बाईसाहेब स्वतः बारा महिने स्वेटरात. खिडकी कोणी बोटभर उघडली तरी मान वर करून बघणार. तिचं खरं नाव आता पगाराच्या कागदावरच उरलं होतं. घरी सासूबाई तिला नुसतं 'अगं' म्हणायच्या, त्यामुळे तिथेही त्याचा काही उपयोग नव्हता.

घरात या दोघीच. थंडीबाईचा नवरा पोहायला शिकवायचा. चांगला धडधाकट माणूस, एका सकाळी चहाचा कप हातात घेतला, खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि गेला. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं. मागे राहिल्या एक सून आणि एक सासू, आणि दोघींना जोडणारं माणूसच मधून उठून गेलेलं. त्या एकमेकींशी वाईट वागायच्या असं कोणी म्हणू नये. उलट इतक्या जपून, इतक्या चांगल्या वागायच्या की बघणाऱ्याला गुदमरायला व्हावं. दार हळू लावायचं, रेडिओ हळू लावायचा, शेवटचं बिस्किट दोघींनीही खायचं नाही.

सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. उभी नोकरी त्यांनी कानाला यंत्र लावून लोकांचे फोन एकमेकांना जोडून देण्यात घालवली होती. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाचं माणूस गेलं, सगळं त्यांच्या कानावरून जायचं, आणि त्यांचं उत्तर एकच असायचं, एकाच आवाजात: 'थांबा, जोडून देते.' तो आवाज नोकरी संपली तरी सुटला नाही. मुलगा गेला त्या दिवशीही त्यांनी नातेवाइकांना फोन केले ते त्याच आवाजात. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. थंडीबाईच्या मनात मात्र कुठेतरी पक्कं बसलं की यांना फारसं काही वाटलेलं नाही.

आणि तिथून तिचा एक वाईट हिशेब सुरू झाला. स्वतःचं दुःख ती सासूबाईंशी ताडून बघायला लागली. आईला इतकं कमी आणि बायकोला इतकं जास्त, म्हणजे नक्की माझंच काहीतरी बिघडलंय. त्यात भर म्हणून तिला वास येऊ लागला. संध्याकाळी कामावरून घरी आलं की मोरीच्या दाराशी क्लोरीनचा वास. नवरा तलावावरून घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला जो वास असायचा, तोच. एखाद दिवशी नाही, बहुतेक रोज. ती तिथे उभी राहायची, तोंड धुतल्यासारखं करायची आणि मग आत जाऊन सासूबाईंना आज काय केलंत असं विचारायची. 'काही नाही, नेहमीचंच,' त्या म्हणायच्या. वासाबद्दल तिने कोणाकडे चकार शब्द काढला नाही. वेड असंच लागत असेल, हळूहळू, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आता तिचं काम काय होतं तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. वायूचा ढग आपोआप थंड होत नाही. ताऱ्यांचा प्रकाश त्याला तापवत राहतो, आणि तापलेला वायू आवळून बसायला तयार नसतो, तो फुगूनच राहतो. त्याने आधी ऊब बाहेर टाकली पाहिजे, तेव्हा कुठे तो स्वतःच्या वजनाने आत ढासळणार आणि त्याचा तारा होणार. ही ऊब बाहेर नेण्याचं काम मुख्यतः कार्बनचे अणू करतात. ते इतर कणांवर आपटतात, थोडी ऊर्जा घेतात आणि ती अवरक्त प्रकाश म्हणून सोडून देतात. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, जमिनीवरच्या दुर्बिणींनाही नाही, कारण वाटेतली हवा तो गिळून टाकते. म्हणून हिची दुर्बीण एका अगडबंब फुग्याखाली लटकून हवेच्या वर जायची, प्रकाश रंगपट्टीत उकलायची आणि तीत कार्बनची जी एक ठरावीक रेघ उमटते ती मोजायची. रेघ जितकी ठळक, तितका ढग भरभर थंड होतोय.

यात एक गोची आहे. अवरक्त प्रकाशात सगळंच चमकतं. दुर्बिणीचा आरसा चमकतो, वर उरलेली विरळ हवा चमकते, आणि या गोंधळात ढगाचा प्रकाश म्हणजे बाजारातली कुजबूज. त्यावर उपाय आपल्या दूधवाल्याचाच. भांड्यासकट वजन करायचं आणि रिकाम्या भांड्याचं वजन वजा करायचं. दुर्बीण आधी ढगाकडे बघते, मग शेजारच्या आकाशाच्या रिकाम्या तुकड्याकडे, मग परत ढगाकडे. ढगातून रिकामं वजा केलं की उरतं ते खरं.

तो रिकामा तुकडा फार वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, निवडलेला होता. त्याला सगळे माळरान म्हणायचे. फुग्याच्या प्रत्येक उड्डाणात दुर्बीण माळरानावर जाऊन यायची. बैठकीत कोणाचं लक्ष नसलं की 'हा माळरानावर गेलाय' असं म्हणायची तिथे पद्धतच पडली होती. विद्यार्थी आले, विद्यार्थी गेले, त्यांचे विद्यार्थी आले. माळरान तेच राहिलं. पण त्या माळरानावर खरंच काही आहे का, हे बघायला कोणी दुर्बिणीचा वेळ घालवला नव्हता. रिकाम्या जागेकडे कोण कशाला बघेल?

थंडीबाईने मोजलेल्या ढगात रेघ फिकी निघाली. ऊब आत भरपूर जात होती आणि बाहेर त्या मानाने थोडी येत होती. हा ढग थंड व्हायचं नाव घेत नाही, असं तिने लिहिलं आणि तिचं नाव झालं. परदेशातल्या एका मोठ्या संस्थेने दोन वर्षांसाठी बोलावणं पाठवलं. तिने हो म्हटलं. मग नणंदेचा फोन आला: 'वहिनी, तू निश्चिंत जा, आईला मी माझ्याकडे घेऊन जाते.' सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'मला काय, कुठेही.' त्याच आवाजात. त्या रविवारी सामान न्यायला गाडी येणार, असं ठरूनही गेलं.

खरं सांगायचं तर थंडीबाईला हे नको होतं. या बाईशी आपलं धड बोलणं होत नाही हे खरं, पण ती गेली की त्याची आई गेली, आणि मग त्याला लहानपणापासून ओळखणारं घरात कोणी उरलं नाही. राहा असं म्हणावंसं तिला दहादा वाटलं. पण जिला कुठेही चालतं तिला कशाच्या जोरावर थांबवायचं? आणि तिला मुलीकडेच जायचं असेल तर? थंडीबाईने तोंड मिटून घेतलं आणि खोक्यांवर चिकटपट्ट्या लावायला घेतल्या.

रविवारला दोन दिवस उरले असताना ती प्रयोगशाळेत स्वतःच्या संगणकाची आवराआवर करत बसली होती. गेल्या उड्डाणातला निरुपयोगी भाग अजून तसाच पडलेला होता. मध्येच दुर्बिणीचा तोल गेला होता आणि ढगाऐवजी ती थोडा वेळ भलतीकडेच बघत बसली होती. त्यावर सर्वांनी 'कचरा' असं लिहून सोडून दिलं होतं. पुसून टाकण्याआधी थंडीबाईने सवयीने ते उघडून बघितलं. दुर्बीण भलतीकडे गेली असली तरी यंत्राने आपलं काम इमानेइतबारे केलं होतं. त्या भलत्या जागेतून माळरान वजा केलं होतं. उत्तर सपाट यायला हवं होतं, रिकाम्यातून रिकामं गेलं की शून्य. पण कार्बनच्या रेघेच्या जागी आलेखाची रेषा खाली वाकली होती. शून्याच्याही खाली.

ती खुर्चीत सरळ बसली. काहीच नसण्यापेक्षा कमी असं काही नसतं. भलती जागा जर शून्याच्या खाली दिसत असेल तर एकच अर्थ निघत होता: जे वजा केलं ते शून्य नव्हतं. माळरानावर वायू होता. विरळ, पसरलेला, कोणाच्या नजरेत न भरणारा, पण होता, आणि तो आपला गुपचूप ऊब सोडत थंड होत होता. ढगाच्या प्रकाशातून दर वेळी त्याचा प्रकाश वजा होत आला होता, म्हणून ढगाची रेघ फिकी. ढगाला काही झालेलं नव्हतं. तो इतर कुठल्याही ढगासारखाच थंड होत होता.

तिने तोल गेलेल्या दुसऱ्या एका तुकड्यावर हेच करून बघितलं. रेषा पुन्हा खाली वाकली. स्वेटर असूनही तिच्या अंगावर काटा आला. ज्या गोष्टीवर नाव झालं, ज्यावर नोकरी मिळाली, ती गोष्टच हातातून गेली होती.

ती सरांच्या खोलीत गेली आणि कागद पुढे ठेवला. सरांनी चष्मा वर केला, खाली केला, कागद जवळ घेतला. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. इतकी वर्षं मी त्याला रिकामं म्हणत आलो, एकदाही उठून बघितलं नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. मोठा माणूस होता. त्याने ना तिला दोष दिला, ना तारखा काढून आपल्या जुन्या निबंधांचं काय होईल ते मोजत बसला. त्याने फक्त एवढंच सांगितलं की त्या परदेशी संस्थेला आत्ताच्या आत्ता कळव, उद्यावर टाकलंस तर जीभ जड होईल. तिने तिथेच, त्यांच्या टेबलावर, पत्र लिहून पाठवून दिलं. माझा निष्कर्ष चुकला आहे, कारण असं असं, तुम्ही बोलावणं मागे घेतलंत तर मला कळेल. मग सर म्हणाले, घरी जा, आज तुझ्याकडून काही व्हायचं नाही.

भर दुपारी घरी जाण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी. दार बंद होतं. तिने बेल वाजवली, परत वाजवली, आणि मग तिच्या लक्षात आलं की सासूबाई दुपारी काय करतात हे तिला माहीतच नाही. काही नाही, नेहमीचंच, एवढंच ती ऐकत आली होती आणि तेवढ्यावर समाधान मानत आली होती. ती खाली आली. तळमजल्यावर एका शिंपीणबाईचं दुकान होतं. आजी कुठे गेल्यात ते माहीत आहे का, असं तिने विचारलं. शिंपीणबाईने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि तिच्याकडे असं बघितलं की जणू तीच परकी आहे.

"तलावावर, आणखी कुठे? त्यांचा पोहायचा पोशाख मीच तर कमरेत आत घेऊन दिला. सैल होत होता."

तलाव पायी जाण्याइतका जवळ होता. दीड वर्षात थंडीबाईने त्या रस्त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं; बससाठीसुद्धा ती वळसा घालून पुढच्या थांब्यावर जायची. फाटकाशी पोचली, आत शिरली, आणि त्या वासाने तिला गाठलं. तोच. मोरीच्या दारातला. ती भिंतीला हात लावून उभी राहिली आणि तिथेच, अजून कोणी दिसायच्या आत, तिला सगळं कळलं.

सासूबाई उथळ बाजूला होत्या. डोक्यावर निळी टोपी, दोन्ही हातांनी एक फळी घट्ट धरलेली, आणि पाय असे मारत होत्या की पाणी चहूकडे उडत होतं पण बाई जागच्या जागीच. शेजारी उभी असलेली शिक्षिका त्यांच्या मुलाच्या हाताखाली शिकलेली होती. ती त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती की आजी, गुडघे नाही, मांडीतून पाय मारा. आजी मान डोलवत होत्या आणि गुडघेच मारत होत्या. मग त्यांना काठावर सून दिसली. त्या दचकल्या नाहीत. फळी धरून, तोंडात गेलेलं पाणी थुंकून, काठाशी आल्या.

"आज लवकर सुटलीस?" त्यांनी विचारलं, जणू स्वयंपाकघरातच भेटल्या होत्या.

थंडीबाई काठावर बसली. कधीपासून चाललंय हे, एवढंच तिला विचारता आलं. सासूबाईंनी सांगितलं की तो गेल्यावर महिन्याभरातच सुरू केलं. लहान होता तेव्हापासून मागे लागायचा, आई, एकदा पाण्यात उतर, मी धरतो. त्यांना पाण्याची भीती. पुढच्या वर्षी, असं त्या दर वर्षी म्हणायच्या. आता धरायला तो नव्हता, पण शब्द दिलेला होता. दीड वर्षात फळी सुटलेली नाही हे त्यांनी जरा ओशाळून सांगितलं.

"मला का नाही बोललात?"

"तुझं तुलाच झेपत नव्हतं, अगं. त्यात माझं कुठे आणून ओतू?" त्यांनी टोपी वर सरकवली. "आणि इथे बरं असतं. इथे सगळ्यांचेच डोळे लाल असतात. कोणी विचारत नाही."

दीड वर्ष जिला थंडीबाई कोरडी समजून चालली होती, जिच्याशी ताडून स्वतःला वेडी ठरवत होती, ती बाई रोज दुपारी पाण्यात उतरून रडत होती आणि संध्याकाळी केस वाळवून तिची वाट बघत बसत होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त त्यांची माया आली. शेवटी तिने वासाचं सांगून टाकलं. रोज संध्याकाळी मोरीपाशी मला त्याचा वास येतो, आई, मला वाटत होतं मला वेड लागतंय.

सासूबाईंनी ओला हात तोंडावर ठेवला.

"अगं बाई. ते माझे केस."

आणि दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांना कळलं नाही. शिक्षिका शहाणी होती. ती पलीकडच्या टोकाला दोऱ्या तपासायला निघून गेली.

हसणं-रडणं ओसरल्यावर थंडीबाईने डोळे पुसले आणि परदेशी जाणं कदाचित होणारही नाही, असं सांगितलं. माझं काम चुकलं, आई. मी ज्या जागेला रिकामी धरून बसले होते ती रिकामी नव्हतीच. सासूबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. त्यांना यात काही अवघड वाटलं नाही.

"मग आधी जाऊन बघायचं ना," त्या म्हणाल्या.

"हो," थंडीबाई म्हणाली. "बघायला हवं होतं." मग तिने बुटांचे बंद सोडले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं; तिच्या तोंडून हिस्स असा आवाज आला. "आई, तुम्ही तिकडे जाऊ नका. मी इथे राहिले तर इथे राहा. मी परदेशी गेले तर माझ्याबरोबर चला. मला तुम्ही हव्या आहात."

"हे तू आज सांगतेस?"

"तुम्ही म्हणालात, मला काय, कुठेही."

"ते आपलं म्हणायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुला सुटायचंय. तरुण आहेस. म्हातारीचं लोढणं गळ्यात कशाला?" त्यांनी फळीवर हात आपटला. "मुलीकडे मला सगळं आहे. पण तिथे त्याच्याबद्दल कोणाशी बोलणार? ती तर लग्न होऊन गेली तेव्हा तो शाळेत होता."

बोलायला तर आपण दोघीही इथे कुठे बोललो, असं थंडीबाईच्या ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं, कारण आता ते खरं राहिलं नव्हतं. सासूबाई मात्र पुढच्या चौकशीला लागल्या होत्या. जायचं झालंच तर तिथे तलाव आहे का, म्हाताऱ्या बायकांना घेतात का, पाणी कोमट असतं की असंच. थंडीबाई म्हणाली, असेलच. सासूबाईंनी भुवया उंचावल्या. मग थंडीबाई हसली आणि म्हणाली की विचारून सांगते.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. एक क्षण तिला वाटलं, परदेशाहून असेल. नणंदेचा होता. रविवारी गाडी सकाळीच येईल, जड खोकी दाराशी आणून ठेवा, आईला सांग की तिची खोली तयार आहे. थंडीबाई म्हणाली, ताई, आई इथेच आहेत, आणि कशी सुरुवात करावी ते न सुचून तिने फोन सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी दोन बोटं टॉवेलला पुसली, फोन अंगापासून दूर, ओल्या टोपीला लागणार नाही असा धरला.

"हं, बोलतेय. नाही गं, मी येत नाहीये." आवाज नेहमीचा होता, सपाट, खात्यातला. "नाही, भांडण नाही. उलटंच आहे. आम्ही तलावावर आहोत... तलावावर. पोहायच्या. त्याच्या." आणि 'त्याच्या' या शब्दावर तो आवाज मधोमध तुटला. इतक्या वर्षांत न तुटलेला आवाज, सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा तुटला, आणि या वेळी बाईंनी तो सावरायची घाई केली नाही. पलीकडून नणंद आई, आई करत राहिली. सासूबाईंनी नाक ओढलं, सुनेकडे बघितलं आणि फोन तिच्यापुढे केला.

"थांब," त्या लेकीला म्हणाल्या, "हिच्याशी जोडून देते."